बर्फवाल्याचं इंजिन

डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी करून पाहा. तेल हलत नाही. बाटली गरम पाण्याच्या मगात धरली की काम होतं. लेहच्या जानेवारीत ट्रक ड्रायव्हरची हीच पंचाईत होते, फक्त त्याची 'बाटली' शेकडो लिटरची असते. डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की त्या मेणाचे बारीक कण तयार होतात, डिझेल गढूळ दिसायला लागतं आणि कण फिल्टरमध्ये जाऊन अडकतात. टाकी भरलेली, पण इंजिन उपाशी! मग टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा जिवावरचा जुगाड होतो.

गंमत बघा, ज्याच्या नावाचं हे इंधन थंडीला एवढं घाबरतं, तो रुडॉल्फ डिझेल पोटापाण्यासाठी बर्फ बनवायचा.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनवण्याचा छोटा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना गाशा गुंडाळावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं, पण तिथे खायचे वांधे. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत आउग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. घरातले काका गणित शिकवायचे. पोरगा तिथे रमला आणि चौदाव्या वर्षी आईवडिलांना पत्र लिहून कळवून टाकलं, की मी इंजिनीअर होणार.

स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे शिकवायचे, ज्यांनी पुढे कृत्रिम थंडाव्याचा अख्खा उद्योग उभा केला. वाफेचं इंजिन कोळशातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता वाया घालवतं, हे रुडॉल्फनं त्यांच्या वर्गात ऐकलं. यावर काहीतरी करायला हवं, असं त्यानं वहीच्या समासात लिहून ठेवलं. लेक्चरला समासात चित्रं काढणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं!

फायनलच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली, पुढच्या परीक्षेपर्यंत अनेक महिने थांबावं लागलं. तो वेळ त्यानं स्वित्झर्लंडच्या एका कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकण्यात घालवला. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली, तीही अव्वल मार्कांनी.

लिंडेंनीच त्याला नोकरी दिली, पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात. १८८१ मध्ये रुडॉल्फनं स्वच्छ, पारदर्शक बर्फ बनवण्याचं पेटंटही घेतलं. जवळपास दहा वर्षं तो थंडीच्याच धंद्यात होता. पण बर्फ बनवणाऱ्या यंत्रात वायू आधी दाबावा लागतो आणि दाबलेला वायू तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तेच. दिवसभर थंडी विकणारा हा माणूस रात्री विचार करायचा उष्णतेचा.

आधी त्यानं अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचा प्रयत्न केला. त्यात वर्षं गेली, हाती काही लागलं नाही. मग नुसत्या हवेचा विचार सुरू झाला. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती पाचशे अंशांच्या वर तापेल. त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको. १८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि आउग्सबर्गच्या कारखान्यात काम सुरू झालं.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या चाचणीत इंधन पेटलं खरं, पण दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं. पुढच्या वर्षी इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं, जेमतेम मिनिटभर. शेवटी १८९७ च्या चाचणीत त्यानं इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्के कामाला लावली. समासातल्या त्या नोंदीचं उत्तर मिळायला जवळपास वीस वर्षं लागली होती.

आता या इंजिनाची दुखरी नस लक्षात येईल. ते दाबातून आलेल्या उष्णतेवर जगतं. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरचं गारठलेलं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं, बॅटरीही मलूल होते. त्यात वर मेणाचा त्रास. रुडॉल्फची इंजिनं मोठी, एका जागी बसवलेली, कारखान्याच्या छपराखालची होती. ट्रकमध्ये डिझेल इंजिन आलं ते त्याच्या मृत्यूनंतर. उघड्यावरच्या थंडीशी झुंजायचं काम पुढच्यांनी केलं. ग्लो प्लग आले, इंधन गरम ठेवणारे हीटर आले, मेण कमी असलेलं हिवाळी डिझेल आलं. आपल्याकडे इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. वनस्पती तेलांना पुढे महत्त्व येईल, असं रुडॉल्फलाही वाटायचं. आज बायोडिझेल आहे, पण थंडीत तेही गोठतं, अनेकदा साध्या डिझेलच्या आधी.

इंजिनानं त्याला लाखो मार्क दिले. पण कोर्टकज्जे, जमिनीतली फसलेली गुंतवणूक आणि ढासळती तब्येत यांत सगळं गेलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर होता. रात्री जेवून केबिनकडे गेला, सकाळी तो कुठेच नव्हता. अंथरूण तसंच होतं. काही दिवसांनी उत्तर समुद्रात एक मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू त्याच्याच असल्याचं मुलानं ओळखलं. त्या रात्री नेमकं काय झालं, हे कोडं आजही सुटलेलं नाही. तो ५५ वर्षांचा होता.

थंड भागात डिझेल गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं वेटोळं असलेला छोटा दिवा लागतो. तो विझेपर्यंत काही सेकंद थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. तेवढ्या वेळात ग्लो प्लग तापतो आणि बर्फवाल्याच्या इंजिनाला हवी असलेली थोडी ऊब मिळते.