बिल विल्सन : एका मद्यप्याचे चरित्र

थोरांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या पराक्रमांसाठी. विल्यम विल्सन ऊर्फ बिल याचे चरित्र मात्र निम्म्याहून अधिक फजितीचे आहे, आणि मला ते त्यासाठीच वाचनीय वाटते.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, ईस्ट डॉर्सेट या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी तो जन्मला. आईवडील विभक्त झाले आणि पोर आजोळी वाढले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींखेरीज कोणाला बूमरँग करता येत नाही, असे एकदा आजोबा सहज बोलून गेले. बिलने अभ्यास बाजूला टाकला, महिनोन् महिने लाकडे तासली आणि परत येणारे बूमरँग करून दाखवले. असा हा हट्टी स्वभाव! पुढे लष्करात असताना एका मेजवानीत हाती पेला आला, तेव्हा लाजाळू बिलला आपण चारचौघांत सामावलो असे प्रथमच वाटले. २४ जानेवारी १९१८ रोजी त्याचा लोइसशी विवाह झाला. महायुद्धानंतर तो न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात शिरला. मोटारसायकलवर बायकोला घेऊन कारखान्यांची पाहणी करीत हिंडण्याइतका तो कल्पक होता. पण १९२९ च्या मंदीत पैसा गेला आणि दारू तेवढी उरली. घरखर्च लोइस दुकानातील नोकरीवर चालवी. शपथा झाल्या, इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या. तेथील डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले, की हा नीतीचा प्रश्न नसून रोग आहे. ११ डिसेंबर १९३४ नंतर बिलने दारूला स्पर्श केला नाही. त्याआधी दारू सोडलेला एक जुना दोस्त त्याच्या घरी येऊन बसला होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

आता खरा प्रसंग. मे १९३५ मध्ये एका कंपनीच्या कज्जासाठी बिल ओहायोतील अ‍ॅक्रन गावी गेला. डाव फसला, सोबती परतले, खिशात फारसे पैसे नाहीत. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूस मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होते आणि दुसऱ्या बाजूस टेलिफोन होता. गेले पाच महिने तो मद्यप्यांना उपदेश करीत होता. त्यांतला एकही सुधारला नव्हता, परंतु तो स्वतः मात्र कोरडा राहिला होता. त्याने एका धर्मोपदेशकास फोन केला, नावे मिळवली आणि एकेकाला विचारीत सुटला. त्याला मदत करणारा नको होता, ज्याला मदत करता येईल असा मद्यपी हवा होता! हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंनी दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि रात्री अकरानंतर उठले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, केवळ आपली कहाणी सांगितली.

याचा अर्थ मला उमगला तो इंदूरला. तेथे खजराना भागात माझे मामा राहतात. अहिल्याबाईंनी बांधलेल्या गणपतीपुढे त्यांनी कितीदा तरी शपथ वाहिली आणि पंधरवड्याच्या आत मोडली. अखेर मामींनी सभा शोधण्याचे काम माझ्यावर सोपवले. बंद सभा फक्त मद्यप्यांसाठी असतात, खुल्या सभेला माझ्यासारख्यालाही बसता येते. पहिल्या सभेत मामांना सगळी मुले नातवांच्या वयाची दिसली. दुसरी सभा घराजवळ होती, तेथे ओळखीचा कोणी भेटेल या धास्तीने ते दारातूनच परतले. तिसऱ्या सभेत माळवी वळणाच्या हिंदीत एका म्हाताऱ्याने आपली चाळीस वर्षांची कथा सांगितली. मामांना त्याने काहीच विचारले नाही. बाहेर पडताना पुढच्या सभेचा वार मामांनी स्वतः विचारून घेतला. गडकऱ्यांच्या सुधाकराला आर्यमदिरामंडळ सहज सापडले होते, सोडलेल्यांचे मंडळ काही सापडले नाही.

डॉक्टर बॉब मध्ये एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी शस्त्रक्रियेस निघताना त्यांचे हात कापत होते, म्हणून खुद्द बिलने त्यांना बिअरची बाटली दिली. तीच त्यांची अखेरची. हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानतात. १९३९ साली तिच्याच नावाचे पुस्तक निघाले, बारा पायऱ्या लोकांपुढे आल्या. फी नाही, बाहेरची देणगी नाही, आडनाव नाही. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. पुण्यात १९८६ साली निघालेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेकजण इतरांना हात देतात.

लोइसचे काय? एकदा बिलने सभेला चलण्याची घाई केली, तेव्हा तिने रागाने त्याच्या अंगावर जोडा भिरकावला. नवरा सुधारला, तरी तिला पूर्वीइतकेच एकटे वाटत होते. १९५१ मध्ये तिने मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ उभारली. माझ्या मते तिचे काम नवऱ्याच्या तोडीचे आहे. मामींनाही अशाच एका बैठकीला मी नेले.

बिलला पुढे अनेक वर्षे खिन्नतेने ग्रासले. १९५४ साली येल विद्यापीठाची सन्मान्य पदवी त्याने अनामिकत्वासाठी नाकारली. सिगारेट मात्र त्याला वेळेवर सुटली नाही आणि फुप्फुसे निकामी झाली. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, तो वारला. ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीत त्याच्या साध्या शिळेवर संघटनेचा उल्लेखही नाही. दारू सोडून वर्ष झाले, दहा वर्षे झाली, असे दर्शविणारी आपली नाणी लोक तेथे ठेवून जातात.