भुलेखाली मेंदू काय करतो? हान्स बर्गर यांची गोष्ट

ऑपरेशन ठरले की अनेक रुग्ण हळूच विचारतात, मध्येच जाग आली तर काय? असे फार क्वचित घडते, पण भीती खरी असते. ही शक्यता कमी करण्यासाठी आज कपाळावर चिकटपट्टी लावून मेंदूचे विद्युत संदेश टिपता येतात. त्यामागे हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाची चिकाटी आहे.

बर्गर यांचा जन्म १८७३ चा. तरुणपणी लष्करी प्रशिक्षणात ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात बचावले. त्याच दिवशी दूरच्या घरी बहिणीला अचानक त्यांची काळजी वाटू लागली व वडिलांनी तार केली. विचार मेंदूतून बाहेर पोहोचतात का, या प्रश्नाने त्यांना पछाडले. ते डॉक्टर झाले आणि येना येथील मनोरुग्णालयात आयुष्यभर काम करत राहिले.

दूरसंवेदनाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र १९२४ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी माणसाच्या मेंदूतील विजेची पहिली नोंद घेतली. कवटीचे हाड काढलेले रुग्ण आणि स्वतःचा मुलगा क्लाउस यांच्यावर ते पुन्हा पुन्हा तपासणी करत राहिले. हा यंत्राचा दोष तर नाही ना, ही शंका त्यांना सतावत होती. म्हणून पहिला लेख छापायला १९२९ उजाडले. फार कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच दाखवल्यावर ईईजीला मान्यता मिळाली.

क्लोरोफॉर्मची गुंगी चढली की या लाटा बदलतात, हेही बर्गर यांनी नोंदवले. आजच्या यंत्रांचे बीज तिथेच आहे.

त्यांच्या आयुष्याला काळी बाजूही आहे. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या न्यायालयात ते सहभागी होते. पुढे नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी १९४१ मध्ये स्वतःचे जीवन संपवले.

आता तुमच्या उपयोगाचे. भूल खोल होते तशा मेंदूच्या लाटा संथ व मोठ्या होतात. भूल गरजेपेक्षा खूपच खोल झाली तर आलेख मध्येमध्ये सपाट होतो. बिस नावाचे यंत्र हा आलेख ० ते १०० या आकड्यात सांगते. ऑपरेशनच्या वेळी तो साधारण ४० ते ६० ठेवतात. पण निर्णय केवळ आकड्यावर होत नाही. भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब, श्वास आणि औषधाचे प्रमाणही सतत पाहतात. प्रत्येक ऑपरेशनला हे यंत्र लागतेच असेही नाही.

ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना हे जरूर सांगा: आधी कधी भुलेत जाग आली होती का, दारू किती घेता, झोपेच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का. ही माहिती लपवू नका. भुलेचे प्रमाण ठरवताना तिचा थेट उपयोग होतो.