लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे

नारायण वामन टिळक हे नाव ज्याने ऐकले नाही असा ख्रिस्ती मनुष्य आपल्या नगर जिल्ह्यात क्वचितच सापडेल. त्यांची गीते आपण उपासनेत गातो, आणि ज्यांस अक्षरओळख नाही अशा आपल्या आयाबहिणींसही ती तोंडपाठ असतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांची ओळख मात्र पुष्कळांस टिळकांची पत्नी एवढीच असते. ह्या बाईंच्या चरित्रातील एकच धागा आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. तो त्यांच्या लेखनाचा नव्हे, त्यांच्या सोवळ्याचा आहे. ते सोवळे त्यांस कोठून मिळाले, कसे सुटले आणि सुटताना किती अडले, हे पाहू लागलो म्हणजे आपल्याच घरची खूण पटते. निदान आम्हांस तरी पटली.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या ब्राह्मण घराण्यात झाला. माहेरी त्यांचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर ह्यांस 1857 च्या बंडात इंग्रज सरकारने फाशी दिले होते. त्या घटनेचा धक्का जावयास, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांस असा काही बसला की त्यांच्या मनाने सोवळ्याचे वेडच घेतले. विटाळाच्या भीतीने त्या गृहस्थांस दिवसभर चैन नसे. बाजारातून आणलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घरात घ्यावयाचा, असा त्यांचा दंडक झाला. धान्य धुवावे हे ठीक. पण मीठ आणि साखरसुद्धा धुण्यातून सुटत नसे! धुतलेल्या मिठाचे आणि साखरेचे काय होत असेल, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको.

हे ऐकून हसू येते, आणि लक्ष्मीबाईंनीही पुढे ते हसतहसतच लिहिले. पण थोडे थांबून पाहावे. ते गृहस्थ स्वभावाने दुष्ट होते असे नाही. दुःखाने त्यांचे मन बिघडले, आणि बिघडलेल्या मनाने घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विटाळाचा विचारच हाती धरला. निराळे वेड त्यांस का लागले नाही? समाजाने जे बी पेरून ठेवले असते तेच वेड्याच्या मनातही उगवते. घरातील शहाणी माणसे तोच विटाळ थोड्या प्रमाणात पाळीत होती, म्हणून त्यांस कोणी वेडे म्हणत नसे, एवढाच काय तो फरक. ह्या सोवळ्याचे कष्ट घरच्या बायकांस पडले, हे खरे. परंतु ज्यांच्या सावलीचे हे सारे भय, ते लोक गावकुसाबाहेर राहत होते, आणि त्यांस सार्वजनिक विहिरीवर घडा बुडविण्याची मुभा नव्हती. त्यांचे कष्ट त्या घरात कोणाच्या लेखी नव्हते.

मूल नसलेल्या नातलगांनी, म्हणजे नाशिकच्या गोविंदराव खांबेट्यांच्या घरी, मनकर्णिकेस लाडाने वाढविले. अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायणराव टिळकांशी होऊन ती लक्ष्मीबाई झाली. टिळक विद्वान, कवी, आणि एका जागी न टिकणारे. आज मुरबाड तर उद्या नागपूर, असा त्यांचा संसार चाले. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस रेव्हरंड तुकाराम नाथोजी ह्या भारतीय पाळकाच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. बातमी घरी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लहानगा दत्तू घेऊन त्या पुढे पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाला राहिल्या.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे परत आल्या, ते आपल्या नगर शहरी. टिळक तेव्हा अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवीत असत. पण बाई आल्या तरी सोवळे बरोबर घेऊनच आल्या. त्यांनी चूल वेगळी मांडली आणि पाणी वेगळे ठेवले. पतीवर जीव होता, तो दुरावू नये म्हणून त्या आल्या होत्या. परंतु त्याच्या हातचे पाणी त्यांस चालत नव्हते! अवतीभवती जी ख्रिस्ती मंडळी होती तीत पुष्कळसे लोक मूळचे महार आणि मांग. त्यांच्याशी बाई प्रेमाने बोलत, त्यांच्या अडीअडचणीस धावत. कोणाचा द्वेष असा त्यांच्या मनात नव्हताच.

वाचकहो, येथेच आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. जातिभेद म्हणजे द्वेष, आणि आपण कोणाचा द्वेष करीत नाही, म्हणून आपल्यात जातिभेद नाही, असा हिशेब आपण बहुधा मांडतो. लक्ष्मीबाईंकडे पाहिले म्हणजे हा हिशेब चुकतो. मनात माया, तोंडात गोड शब्द आणि पाण्याचा हंडा मात्र दूर, असे एकाच वेळी नांदू शकते. वरच्या पायरीवर जन्मलेल्यास ती पायरी दिसत नाही. त्याला ती घरची जमीनच वाटते. पायरी आहे हे ज्याला खालून चढावे लागते त्यालाच ठाऊक.

1900 च्या सुमारास बाईंच्या मनात उलथापालथ झाली. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, हे विशेष. त्यांनी स्वतःच स्वतःस विचारले की हे जातीचे भेद देवाने केले की मनुष्याने? देवाने केले असते तर त्यांची काही खूण मनुष्याच्या देहावर दिसली असती. ती दिसत नाही, तर हे मनुष्याचेच काम. एवढा विचार पक्का होताच त्यांनी ह्यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्याच साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे टिळकांच्या मागून पाच वर्षांनी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीस पाच वर्षे कशाला? ज्याने असे म्हणावयाचे त्याने प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा दहावा अध्याय वाचून मग गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचावा. यापो येथे धाब्यावर पेत्राला दृष्टांत झाला, त्याला सर्व उमगले, तो कर्नेल्याच्या घरात गेला. आणि तोच पेत्र पुढे अंत्युखियात, यरुशलेमाहून काही माणसे येताच, परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून हळूच उठला. डोक्यात प्रकाश एका दिवशी पडला, पण पंक्तीत बसून राहण्याचे धैर्य यावयास वेळ लागला. बाईंचे तसे माघारे फिरणे झाले नाही, हे त्यांचे मोठेपण. निश्चय केला तो जन्मभर पाळला. 1899-1900 च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली, ती सारी त्यांच्याच चुलीवर जेवली. प्लेगच्या साथीत आईबाप आपल्या लेकरांस शिवावयास भीत, तेव्हा ह्या बाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. मीठ धुणाऱ्याच्या मुलीने!

टिळकांविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. उच्चनीच भाव ब्राह्मणांनीच मिशनात आणला असे नाही. बंगल्यात राहणारा गोरा मिशनरी आणि त्याच्या हाताखाली काम करणारा हिंदी पाळक ह्यांच्यातही एक सोवळे होते. ते पाण्याचे नव्हते. पगाराचे, अधिकाराचे आणि शेवटचा शब्द कोणाचा ह्याचे होते. डॉक्टर ह्यूमसारख्या मिशनऱ्यांवर टिळकांचे मनापासून प्रेम होते, तरी हिंदी मंडळी कायमची अज्ञान बालकासारखी धरली जाते हे त्यांस सोसेना. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांसही जागा होती. दोन वर्षे झाली नाहीत तोच 9 मे 1919 रोजी ते मुंबईस वारले.

आता आमच्याविषयी. आमचे पूर्वज मूळचे महार. ब्राह्मणांच्या सोवळ्याविषयी वाचताना आमची छाती फुगते, कारण त्या गोष्टीत आम्ही सोसणारे असतो. 1950 साली अनुसूचित जातींचा आदेश निघाला, त्यात हिंदूंखेरीज इतरांस सहसा जागा ठेवली नाही. पुढे 1956 साली शिखांस व 1990 साली बौद्धांस ती मिळाली, ख्रिस्ती झालेल्यांस मिळाली नाही. ह्या अन्यायाविषयी आम्ही सभांतून पुष्कळ बोललो आहो, आणि ते बोलणे रास्तच आहे. पण आमच्या लहानपणी आमच्या घराच्या ओसरीवर एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. मूळच्या मातंग समाजातील एक ख्रिस्ती गृहस्थ अधूनमधून वडिलांस भेटावयास येत, त्यांचा चहा त्या कपात दिला जाई. तो कप आत का येत नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. घरची जमीनच ती.

कप पुढे केव्हातरी फुटला. आम्ही ईश्वरविज्ञान शिकलो, हस्तार्पण झाले, एका पंक्तीवर प्रवचनेही केली. काही वर्षांपूर्वी मांगवाड्यातून आलेल्या एका सुशील तरुण उपदेशकाने आमच्या पुतणीविषयी विचारणा केली. मुलीचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे, असे आम्ही त्यास गोड शब्दांत कळविले. त्या वेळी ते आम्हांस खरेच वाटत होते, हे नमूद करतो. पुढे तीन महिन्यांत आपल्यातले म्हणून एक स्थळ आले, आणि शिक्षण तसेच अर्धवट टाकून आम्हीच त्या मुलीचे लग्न लावून दिले. त्या तरुणाने ह्याविषयी एक अक्षरही काढले नाही. तो अद्याप प्रभुभोजनाच्या दिवशी मंदिरात दाराजवळच्या चटईवर बसतो, आणि प्याला हातोहात फिरत त्याच्याकडे शेवटी जातो.

लक्ष्मीबाईंनी आयुष्याच्या अखेरीस आपल्या आठवणी लिहिल्या. लग्नापूर्वी त्यांस लिहितावाचता येत नव्हते. जे शिक्षण झाले ते घरी, टिळकांच्या हाताखाली. तरी 1934 सालापासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी पुढे चालविले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. त्या पुस्तकात बाईंनी आपले सोवळे झाकून ठेविले नाही; वडिलांचे वेड सांगितले, तसा आपला हट्टही सांगितला. दुसऱ्याचा दोष सांगताना जशी त्यांस गंमत वाटते तशीच आपला सांगताना वाटते. असे धारिष्ट पाळकांत क्वचित आढळते, म्हणून आम्ही ते पुस्तक जवळ ठेवितो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही ते आमच्या वृद्ध आईस वाचून दाखविले. तिची दृष्टी आता मंद झाली आहे. मीठ धुण्याचा भाग आला तेव्हा ती पदर तोंडाला लावून पुष्कळ हसली. नंतर बराच वेळ ती ओसरीकडे तोंड करून गप्प बसली. मग त्या कपातून चहा पिणाऱ्या गृहस्थांचे नाव तिने आम्हांस सांगितले. ते आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.