हेरकथाकाराचा विलक्षण अंत

इंग्रजीतील आधुनिक हेरकादंबरीच्या आरंभीच्या टप्प्यावर ‘द रिडल ऑफ द सँड्स’चे नाव आवर्जून घेतले जाते. जर्मनी समुद्रमार्गे इंग्लंडवर चालून येईल, असा इशारा देणारी ही कादंबरी १९०३ मध्ये आली, तेव्हा लेखक अर्स्किन चाइल्डर्स ब्रिटिश संसदेत कारकून होते. जन्म लंडनचा, १८७० चा. वडील पाली-इंग्रजी कोशाचे कर्ते, आई आयरिश. बालपण आयर्लंडमध्ये आजोळी गेले.

बोअर युद्धात साम्राज्यासाठी लढलेले चाइल्डर्स पुढे आयरिश स्वातंत्र्याचे कैवारी बनले. जुलै १९१४ मध्ये त्यांनी आपल्या ‘असगार्ड’ या शिडाच्या नौकेतून ९०० रायफली डब्लिनजवळ उतरवल्या. त्याही जर्मनीत खरेदी केलेल्या! पाठोपाठ महायुद्धात मात्र ब्रिटिश नौदलाकडून लढून त्यांनी शौर्यपदक मिळवले.

१९२१ च्या अँग्लो-आयरिश कराराला त्यांनी विरोध केला आणि आयर्लंडमधील यादवीत ते बंडखोरांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९२२ मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांच्याजवळ एक छोटे पिस्तूल सापडले. करारावर सही करणारे मायकेल कॉलिन्स यांनीच पूर्वी ते भेट दिले होते. ते बाळगल्याबद्दल आयरिश सरकारने त्यांना मृत्युदंड दिला. २४ नोव्हेंबरला गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांशी हस्तांदोलन करून ते मृत्यूला सामोरे गेले. त्यापूर्वी त्यांनी मुलाकडून वचन घेतले होते, की शिक्षेवर सह्या करणाऱ्यांशीही त्याने हात मिळवावा. तो मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.