बिस्किटांच्या रॅकवर दुधाची पिशवी? या सवयीची सुरुवात होते १९१६ सालच्या एका दुकानापासून!

सुपरमार्केटमध्ये बिस्किटांच्या रॅकवर पडलेली दुधाची पिशवी तुम्हीही पाहिली असेल. कोणीतरी उचलली, पुढे जाऊन विचार बदलला आणि तिथेच सोडून दिली. सव्वाशे वर्षांपूर्वी असं घडणं कठीणच होतं, कारण मालाला हात लावायची मुभाच ग्राहकाला सहसा नसायची. ती मुभा मोठ्या प्रमाणावर मिळवून दिली अमेरिकेतल्या क्लॅरेन्स सॉन्डर्सने.

सॉन्डर्सचा जन्म १८८१ चा, व्हर्जिनियातला. घरची गरिबी. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो दुकानात कामाला लागला. तेव्हाची तिकडची दुकानं म्हणजे थेट आपलं वाण्याचं दुकान! यादी सांगायची, नोकर माल काढणार, तोलणार, बांधणार. एखादी वस्तू नको म्हटलं तर जागेवर ठेवणारही तोच. यात वेळ जायचा आणि नोकरांचे पगारही भरावे लागायचे. पुढे घाऊक किराण्याचा विक्रेता म्हणून फिरताना सॉन्डर्सने हे सगळं जवळून पाहिलं.

६ सप्टेंबर १९१६ ला त्याने मेम्फिस शहरात 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. दारातून आत जायचं, टोपली घ्यायची, वळणावळणाच्या एकाच वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून जायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि शेवटी पैसे भरायचे. प्रत्येक वस्तूला किंमत लावलेली. १९१७ मध्ये त्याला या रचनेचं पेटंटही मिळालं.

नोकराचं काम आता ग्राहकाकडे आलं. त्यातलं निवडण्याचं काम लोकांनी आनंदाने उचललं. नको असलेली वस्तू परत ठेवणं हाही त्याच कामाचा भाग, पण तो मात्र अनेकांना आपला वाटत नाही. खरं तर नियम साधा आहे: जिथून घेतली तिथेच ठेवा. तेवढं मागे जायचं नसेल, तर बिल करताना काउंटरवर नको म्हणून सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दूध, आईस्क्रीम, मांस मात्र कर्मचाऱ्याच्या हातातच द्या. ते फ्रीजबाहेर किती वेळ होतं हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे दुकानाला ते फेकून द्यावं लागतं. आणि उशिरा कोणी गुपचूप फ्रीजमध्ये परत ठेवलं, तर बिघडलेला माल दुसऱ्याच्या घरी जातो. म्हणजे हे तर आणखी वाईट!

सॉन्डर्सचा धंदा झपाट्याने वाढला. १९२३ पर्यंत दुकानांची संख्या हजारावर गेली. मेम्फिसमध्ये तो गुलाबी संगमरवराचा महाल बांधत होता. पण कंपनीचा शेअर पाडणाऱ्या सट्टेबाजांना धडा शिकवायला तो बाजारात उतरला आणि स्वतःच बुडाला. कंपनी हातची गेली, महालात राहणं नशिबात नव्हतं. आज तिथे संग्रहालय आहे. पुढे त्याने आपल्याच नावाने दुसरी दुकानं काढली, ती मंदीत गेली.

१९३७ मध्ये त्याने काढलेलं 'कीडूझल' हे दुकान तर भन्नाटच होतं. काचेमागे प्रत्येक वस्तूचा फक्त नमुना. ग्राहकाने एक किल्ली घेऊन फिरायचं आणि हव्या त्या वस्तूसमोरच्या खाचेत ती घालायची. माल आतल्या गोदामातून सरकत्या पट्ट्यावरून थेट काउंटरवर! ज्याने ग्राहकाचा हात फळीपर्यंत पोहोचवला, त्यानेच तो पुन्हा काचेबाहेर थांबवला. इथे चुकीच्या रॅकवर काही सोडून जायचा प्रश्नच नव्हता. पण गर्दी झाली की यंत्रणा गडबडायची, दुरुस्तीचा खर्च झेपेना आणि १९४९ पर्यंत तोही प्रयोग गुंडाळला गेला.

तरीही तो थांबला नाही. ग्राहकाने स्वतःच हिशोबही करावा अशा 'फूडइलेक्ट्रिक' नावाच्या नव्या दुकानाची त्याची तयारी चालू होती. ते उघडण्याआधीच, ऑक्टोबर १९५३ मध्ये, सॉन्डर्सचा मृत्यू झाला.