मेक्सिकोतील मराठी प्राध्यापक : डॉ. पांडुरंग खानखोजे

स्वातंत्र्यासाठी देशाबाहेर पडलेल्या वीरांमध्ये डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव घ्यावे लागते. क्रांतिकारक म्हणून ते थोडेफार परिचित आहेत. परंतु एका परक्या भाषेत शेतकरी आणि विद्यार्थी घडविणारे शिक्षक म्हणून त्यांची ओळख आपल्याकडे फारशी नाही. भाषेचा विद्यार्थी या नात्याने मला त्यांच्या चरित्राचा हाच भाग अधिक मोलाचा वाटतो.

खानखोजे यांचा जन्म 1884 मध्ये वर्धा येथे झाला. लोकमान्यांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विशीच्या सुमारास देश सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेला. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि शेतकी शास्त्राचाही अभ्यास केला. पॅसिफिक किनाऱ्यावरील पंजाबी मजुरांमध्ये मिसळून त्यांनी संघटना उभी केली. 1913 मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना प्रभृतींनी जी गदर चळवळ सुरू केली, तिच्या आघाडीवर खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रज फौजेविरुद्ध लढले. युद्धानंतर बर्लिन आणि मॉस्को येथे त्यांनी प्रयत्न केले. पण मायदेशाची वाट बंदच होती. अखेर 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते.

मेक्सिकोची भाषा स्पॅनिश. मेक्सिको शहराजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. वर्गात आणि शेतावर, दोन्हीकडे याच भाषेचा व्यवहार. म्हणून ही भाषा मराठी माणसाला कशी वाटत असेल, हे पाहण्यासाठी मी तिचे एक क्रियापद चालवून पाहिले. ते शेतीचेच घेतले : 'कुल्तिबार', म्हणजे शेती करणे. शेवटचा 'आर' काढला की 'कुल्तिब' एवढा धातू उरतो. त्याला वर्तमानकाळाचे प्रत्यय लागतात. कुल्तिबो म्हणजे मी शेती करतो. कुल्तिबास, तू करतोस. कुल्तिबा, तो करतो. कुल्तिबामोस, आम्ही करतो. कुल्तिबान, ते करतात. 'तुम्ही' या अनेकवचनाला स्पेनमध्ये 'कुल्तिबाइस' असे वेगळे रूप आहे. मेक्सिकोत मात्र तेथेही 'कुल्तिबान' हेच चालते. 'एर' आणि 'इर' असे शेवट असणारी आणखी दोन गटांची क्रियापदे आहेत. 'कोमेर' म्हणजे खाणे, त्याचे कोमो, कोमेस, कोमे. 'बिबिर' म्हणजे जगणे, त्याचे बिबो, बिबेस, बिबे. नियमित क्रियापदे अशा तीन साच्यांत बसतात.

ज्याने शाळेत पठामि, पठसि, पठति घोकले आहे, त्याला यात फार परके काही वाटू नये. पठाम: आणि कुल्तिबामोस ही रूपे शेजारी ठेवून पाहावीत, दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातील आहेत. 'बिबिर' आणि आपला 'जीव्' धातू यांचे मूळही एकच. आपण नुसते 'जातो' म्हटले तरी 'मी' कळतो, तसे तेथेही नुसते 'कुल्तिबो' पुरते. आपण 'उद्या काम करतो' असे वर्तमानकाळात म्हणतो. स्पॅनिश माणूसही 'मान्याना त्राबाखो' असेच म्हणतो. आदरार्थी 'उस्तेद' या सर्वनामाला मात्र तृतीय पुरुषाचे रूप लागते. मराठीत 'करतो' आणि 'करते' असा लिंगभेद आहे, तो स्पॅनिश क्रियापदात नाही. शेतकरी पुरुष असो वा स्त्री, 'कुल्तिबो' एकच.

यापेक्षाही एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'कुल्तिबामोस' या रूपात दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. ज्याला स्वत:चा देश बंद झाला होता, अशा माणसाला परक्या शेतकऱ्यांसमोर उभे राहून हे क्रियापद वापरावे लागत होते. ते रूप पाठ करणे सोपे आहे. त्यातला 'आपण' खरा करणे कठीण. खानखोजे यांनी तो खरा केला. गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी विनामूल्य शेतकी शाळा काढल्या. मक्याच्या सुधारित जाती तयार केल्या आणि मका व त्याचा रानटी भाऊबंद 'तेओसिंते' यांच्या संकरावर संशोधन केले. हाच मका आज आपल्या पाचोऱ्याच्या शिवारातही डोलतो. त्याचे मूळ घर मेक्सिको. त्यांच्या कार्याची छायाचित्रे तीना मोदोत्ती यांनी घेतली, तर प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिबेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले.

1936 मध्ये त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन कन्या. देश स्वतंत्र झाल्यावर 1949 मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले. तेव्हाही इंग्रजांच्या काळ्या यादीतील नावामुळे त्यांना परवाना नाकारण्यात आला, तो पुढे मिळाला. ज्या देशासाठी घरदार सोडले त्याच देशाच्या दारात असे थांबावे लागणे, ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बोचरी गोष्ट म्हटली पाहिजे. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले आणि 1967 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. 2022 मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

आपल्यापैकी कितीतरी जण घरी अहिराणी बोलतात, वर्गात प्रमाण मराठी वापरतात आणि इंग्रजीला बिचकतात. व्याकरणाचे तक्ते आपल्याला परीक्षेपुरते वाटतात. खानखोजे यांचे चरित्र वाचल्यावर मला वाटते, की क्रियापद चालविता येणे ही पहिली पायरी झाली. त्या क्रियापदात सांगितलेले काम त्या लोकांबरोबर करणे ही पुढची. चाळिशीत नवी भाषा घेऊन हे दोन्ही करणारा एक मराठी माणूस होऊन गेला, हे आपण ध्यानात ठेवावे.