गांधीजींचे ताट आणि दुधाचा प्रश्न

वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्याचे नाव १९४० मध्ये बदलून सेवाग्राम ठेवण्यात आले. त्यामागचे एक कारण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सापडते. नागपूर-भुसावळ लोहमार्गावर आपले शेगाव. नावातल्या साधर्म्यामुळे गांधीजींची टपाले सेगावऐवजी शेगावला येऊन पडत. हा घोळ थांबावा म्हणून त्या खेड्याला नवे नाव मिळाले.

गांधीजींच्या पत्रव्यवहारात स्वराज्याइतकाच एक घरगुती विषय सतत असे, तो म्हणजे काय खावे. राजकारणातले गांधीजी आपण शाळेत शिकलो. मांस न खाता, आणि जमल्यास दूधही न घेता, माणूस धडधाकट कसा राहील, याचा शोध घेणारे गांधीजी मात्र फारसे कुणी सांगत नाही. आपल्याकडे माळकरी, जैन, महानुभाव अशी कितीतरी घरे पूर्ण शाकाहारी आहेत. त्यात आता दूधही सोडणारी कॉलेजची मुले दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी हे चरित्र उपयोगाचे आहे.

मोहनदास गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला, वैष्णव घरात झाला. शाळकरी वयात एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्ले. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. वर्षभर हे अधूनमधून चालले. शेवटी आईशी खोटे बोलावे लागते, या टोचणीने त्यांनी ते थांबवले. १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जाताना त्यांनी आईसमोर तीन शपथा घेतल्या. त्यांतली एक मांस न खाण्याची होती.

शपथ घेणे सोपे होते, लंडनमध्ये पोट भरणे अवघड होते. घरमालकीण उकडलेल्या, बिनमिठामसाल्याच्या भाज्या वाढायची. पावाचे दोन-तीन तुकडे खाऊन आणखी मागायला हा एकोणीस वर्षांचा मुलगा लाजायचा. मग तो शाकाहारी खाणावळीच्या शोधात पायी फिरू लागला, रोज दहा-बारा मैल. एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला ‘सेंट्रल’ नावाची शाकाहारी खाणावळ सापडली. विलायतेत आल्यापासून त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला. तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे छोटे पुस्तक त्याने एक शिलिंगला विकत घेतले. तोवर आईच्या शब्दाखातर शाकाहारी असलेला मुलगा ते वाचून विचाराने शाकाहारी झाला.

पुढे त्याने खोलीवर स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी, संध्याकाळी कोको आणि पाव, दुपारी बाहेर जेवण. खर्चही कमी झाला. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत तो गेला आणि बेजवॉटर भागात त्याने शाकाहारी क्लब काढला. परक्या गावात आपले अन्न शोधताना त्याला माणसे मिळाली, सभेत बोलण्याचा सराव मिळाला आणि लिहिण्याची सवय लागली. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी पुन्हा लंडनला गेले आणि शाकाहारी मंडळाच्या सभेत बोलले, तेव्हा म्हातारे झालेले सॉल्ट त्यांच्या शेजारी बसले होते.

या चरित्रातला एक प्रसंग डॉक्टरला अस्वस्थ करतो. १९०२ च्या सुमारास मुंबईत त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधीजींनी नकार दिला, पाण्याचे उपचार केले आणि रात्री जागून काढल्या. मुलगा वाचला. पण स्वतःच्या शरीरावर नियम लावणे वेगळे आणि लेकराच्या शरीरावर लावणे वेगळे. हा फरक पुढे आपल्याला लागणार आहे.

१९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी दूधही सोडले. संयमाचा विचार त्यामागे होताच. शिवाय जास्त दूध निघावे म्हणून कलकत्त्याकडचे गवळी गाई-म्हशींवर जी क्रूर ‘फुका’ पद्धत वापरत, तिची माहिती त्यांनी वाचली होती. त्यांनी शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांवर राहायला सुरुवात केली. आज ज्याला व्हीगन आहार म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा हा आहार होता. व्हीगन हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. गांधीजी त्याच्या बत्तीस वर्षे आधी त्या वाटेवर होते.

१९१४ मध्ये लंडनला त्यांना प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाची सूज, झाली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा तिथेच होते. डॉक्टरांचे ऐकून दूध घ्या, असा गोखल्यांनी फार आग्रह केला. ज्यांना ते राजकीय गुरू मानत, त्यांचाही शब्द गांधीजींनी या बाबतीत मानला नाही.

१९१८ मध्ये मात्र शरीराने हिशेब मागितला. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना ते शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवरच होते. आव झाली आणि एवढी वाढली की जगण्याची आशा त्यांनीच सोडली. पुढे मुंबईत डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितले की दुधाशिवाय हे शरीर पुन्हा भरून येणार नाही. गांधीजींनी शपथेकडे बोट दाखवले. तेव्हा कस्तुरबांनी उपाय काढला. शपथ घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? गांधीजींनी ते घेतले, प्रकृती सुधारली आणि शेळीचे दूध त्यांच्या आहारात शेवटपर्यंत राहिले. शपथेचे शब्द पाळले, तिचा आत्मा मोडला, ही बोच मात्र त्यांनी कधी लपवली नाही.

यानंतर त्यांचा शोध जास्त शास्त्रीय झाला. १९२९ मध्ये साबरमतीला त्यांनी न शिजवलेले धान्य आणि मोड आलेले गहू खाऊन पाहिले. पोट बिघडले, तसा प्रयोग थांबवला आणि लोकांना कळवलाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ च्या सुमारास हातसडीचा तांदूळ, गूळ, कच्चा पाला, चिंच, कडुनिंब असे प्रयोग चालले. तिथल्या स्वयंपाकघरात आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे सोयाबीन. विदर्भातल्या शेतकऱ्याला तेव्हा हे पीक जवळपास अनोळखी होते. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत म्हणून गांधीजींनी ते शिजवून खाल्ले आणि ‘हरिजन’ साप्ताहिकात त्याविषयी लिहिले.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहिले. आयुष्यभर शोधूनही दुधाची जागा घेईल अशी वनस्पती आपल्याला सापडली नाही, असे त्यात त्यांनी प्रांजळपणे मांडले. अशी वनस्पती असलीच पाहिजे, हा विश्वास सोडला नाही आणि ती शोधण्याचे काम वैद्यांवर व शास्त्रज्ञांवर सोपवले.

३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी यकृताच्या अर्कातून एक लाल स्फटिक वेगळा केला. तेच बी-१२ जीवनसत्त्व. गांधीजींच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्यात होता. रक्तपेशी तयार व्हायला आणि नसांवरचे आवरण शाबूत राहायला बी-१२ लागते. ते कोणतीही वनस्पती तयार करत नाही, प्राणीही करत नाहीत. ते फक्त सूक्ष्म जिवाणू तयार करतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते त्यांच्या दुधात उतरते. गांधीजी वनस्पतींमध्ये शोधत राहिले आणि उत्तर जिवाणूंकडे होते. आज बी-१२ च्या गोळ्या कारखान्यात जिवाणू वाढवूनच बनवतात. त्यासाठी गाय पिळावी लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. शाकाहारी माणसाला इथे लंडनसारखे दहा मैल चालावे लागत नाही. ज्वारीची भाकरी, तूर-मूग-हरभऱ्याचे वरण, झुणका, शेंगदाणे, तीळ आणि जवसाची चटणी, अंबाडी, शेवगा, घोळ, चिवळ, पावसाळ्यातला तरोटा. धान्यातल्या प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते आणि डाळीतली उणीव धान्य. म्हणून भाकरी-झुणका हे गरिबाचे असले तरी शास्त्राला धरून असलेले जेवण आहे. पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

मगनवाडीत कुतूहलाने शिजलेले सोयाबीन गेल्या काही दशकांत घाटावर आणि घाटाखाली शिवारभर पसरले. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच सोयाबीनमध्ये ३६ ते ४०. पण आपण सोयाबीन पोत्यांनी विकतो आणि तेलाचे पाकीट विकत आणतो. तेलात प्रथिने नसतात, ती पेंडीबरोबर कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जातात. दुधाचेही तसेच होते. गोठ्यातले दूध डेअरीवर जाते आणि घरात चहापुरते उरते. चहातल्या त्या दोन-चार चमच्यांनी बी-१२ ची गरज भागत नाही.

सोयाबीन घरी खायचे तर कच्चे खाऊ नये, त्यातला एक घटक प्रथिने पचू देत नाही. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरमध्ये मऊ शिजवून उसळ करावी. पिठासाठी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, कडक वाळवून, ९ किलो गहू किंवा ज्वारीत १ किलो घालून दळावे. औषध लावलेले बियाणे मात्र चुकूनही दळणात जाऊ देऊ नये.

बी-१२ ची मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी कणभर आहे. दूध, दही मिळून रोज अर्धा लिटरच्या आसपास पोटात गेले तर ती बरीचशी भागते. ज्यांना दूध परवडत नाही, पचत नाही किंवा तत्त्व म्हणून नको आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी घ्यावी. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. मग पायांना मुंग्या येतात, चपला पायातून निसटतात, जीभ लालभडक होते, थकवा येतो, विसरायला होते. असे झाले तर रक्त तपासून घ्यावे. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण बी-१२ कमी असेल तर नसांची हानी आतून चालूच राहते. उशीर झाला तर ती हानी पूर्ण भरून येत नाही.

सर्वांत जपायचे ते गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला. तिच्या शरीरात बी-१२ नसेल तर बाळाला कुठून मिळणार? अशी बाळे मलूल होतात, हसायची-बसायची थांबतात, काहींना कंप सुटतो. वेळेवर उपचार मिळाले तर ती सावरतात. व्रत मोठ्यांनी आपल्या मनाने करावे, पण बाळाच्या वाट्याचे बी-१२ गोळीने किंवा दुधाने पुरवावेच.

गांधीजींनी प्रत्येक प्रयोगाचा निकाल शरीराला विचारला आणि तो विरोधात गेला तेव्हा आहार बदलला. ज्यांना दूध नको आहे, त्यांनी खुशाल सोडावे. मात्र सोडण्याआधी बी-१२ ची सोय लावावी आणि विक्रीला निघालेल्या सोयाबीनमधून दळणापुरते पायलीभर घरात ठेवून घ्यावे.